विलगीकरणापासून दूर-समुपदेशनापर्यंत : एका अंतराचा इतिहास

गेल्या हिवाळ्यात एका प्रशिक्षण कार्यक्रमानिमित्त काही दिवस चंडीगढला लागून असलेल्या मोहालीच्या नॉलेज सिटीत मुक्काम होता. सेक्टर ८१ मधल्या या वसाहतीत विज्ञान शिक्षण व संशोधनाची आयसर, नॅनो तंत्रज्ञान संस्था, कृषी-अन्न जैवतंत्रज्ञान संस्था असा मोठा परिवार शेजारी शेजारी वसला आहे. साहजिकच तिथे मराठी माणसेही आहेत. आपण महाराष्ट्राबाहेर राहणारे लोक एकमेकांना शोधून काढण्यात तरबेज असतो. त्यामुळे दुसऱ्याच संध्याकाळी एका प्राध्यापकांच्या घरी पिठलंभाताचे आमंत्रण आले.

जेवताना विषय निघाला तो दूरवैद्यकाचा. पंगतीत एक तरुण मराठी अभियंता होता. आरोग्यसेवेच्या संगणकप्रणालींवर काम करणारा. तो म्हणाला, "काका, आम्ही डॉक्टर आणि रुग्ण यांना पडद्यावर समोरासमोर आणतो. ताप, खोकला, मधुमेह, सगळं चालतं. पण एचआयव्ही असलेल्या विशीतल्या मुलामुलींना फोनवरून समुपदेशन द्यायचं म्हटलं, की बैठकीत दोन तट पडतात. लाज ही काय दुरून कमी होणारी गोष्ट आहे?" यजमानीण काकूंनी लगेच निकाल दिला, "अरे, माणूस शेजारी येऊन बसल्याशिवाय मन मोकळं होतं का कधी?"

काकूंचे म्हणणे खोडून काढावे असे मला वाटले नाही. पण ते पूर्ण खरेही वाटेना. कारण त्या क्षणी मला सत्तावीस वर्षांपूर्वीची एक फाईल आठवली होती. ती फाईल आणि तिच्यामागचा इतिहास आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

एक फाईल आणि एक फोन

१९९८ साल. नोकरीत नुकताच स्थिरावलो होतो. एका जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्र सरकारच्या एका छोट्या कार्यालयाचा प्रमुख होतो. तेवीस वर्षांच्या एका कनिष्ठ लिपिकाची वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची फाईल माझ्याकडे आली. तपासण्यांची बिले पुण्याची होती. तपासणीचे नाव बिलावर छापलेले होते, आणि संबंधित साहाय्यकाने टिपणीत ते लाल शाईने अधोरेखित केले होते. मी नियम पाहिले, आकडे पडताळले आणि मंजुरी दिली. आठ दिवसांत पैसे मिळाले. एवढ्या वेगाने प्रकरण निकाली काढल्याचा मला त्या वेळी अभिमान वाटला, हे आज लिहिताना संकोच होतो.

ती फाईल उघड्या आवरणात सात टेबलांवरून गेली होती. बंद लिफाफ्यात, 'गोपनीय' असे लिहून ती फिरवावी हे मला सुचले नाही. कोणत्याही नियमाने मला तसे करण्यापासून अडवले नव्हते. पंधरवड्यात त्या मुलाचा चहाचा कप वेगळा झाला. महिन्याभराने पाण्याच्या माठाजवळ त्याने जाऊ नये, अशी तोंडी सूचना कुणीतरी दिली. तिसऱ्या महिन्यात त्याचा राजीनामा आला. कारण : कौटुंबिक. मी 'स्वीकृत' असे लिहून सही केली.

पुढे काही आठवड्यांनी दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. एसटीडी बूथवरून आलेला, हे मागच्या रहदारीच्या आवाजावरून कळत होते. तोच मुलगा. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम टपालाने येणार होती. तिच्या पाकिटावर कार्यालयाचा शिक्का नको, एवढेच त्याचे मागणे होते. गावातला पोस्टमन ओळखीचा होता आणि पोस्टमनच्या ओळखीचे सारे गाव होते. मी हो म्हटले. त्याने फोन ठेवला नाही. पुढची सात-आठ मिनिटे तो बोलत राहिला : रात्री झोप लागत नाही, आईला काय सांगायचे, धाकट्या बहिणीचे लग्न कसे होणार. मधेच म्हणाला, "मीटर पळतंय साहेब, पण समोर असतो तर हे बोललोच नसतो."

वर्षभर तो माझ्यापासून वीस फुटांवर बसत होता. तेव्हा आम्ही रजेच्या अर्जापलीकडे कधी बोललो नव्हतो.

प्रशासन आणि अंतर

संसर्गजन्य रोग आला की प्रशासनाचा पहिला विचार अंतराचा असतो. रोग्याला दूर ठेवा. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगची कथा मराठी वाचकाला सांगायला नको. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला, वॉल्टर रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती बसली, सोजिरांनी घरात शिरून झडत्या घेतल्या, माणसे छावण्यांत नेली. २२ जूनला चाफेकर बंधूंच्या गोळ्यांनी त्या प्रकरणाला इतिहासात जागा दिली. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने विलगीकरणात तथ्य होते. पण ज्या पद्धतीने ते झाले, तिने रोगापेक्षा रोग लपवण्याची भीती अधिक पसरवली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत हडपसर परिसरात रुग्णांची शुश्रूषा करत होते. सावित्रीबाईंना तिथेच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. अंतर राखणारी सत्ता आणि अंतर ओलांडणारी सेवा यांचे इतके स्पष्ट चित्र एकाच शहरात, एकाच ऋतूत क्वचितच सापडेल.

कुष्ठरोगाबाबतही तेच. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांना अटक करून आश्रमांत ठेवण्याची मुभा दिली. तो केंद्रीय कायदा पुस्तकातून जायला २०१६ साल उजाडावे लागले. औषध कधीचे आले होते. कायद्याच्या भाषेतला भयगंड मात्र मागे राहिला होता.

एचआयव्हीची भारतातली पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी ती केली. हा विषाणू स्पर्शाने, हवेने, पाण्याने किंवा एकत्र जेवल्याने पसरत नाही, हे तोवर जगाला माहीत झाले होते. तरीही आपल्या प्रशासनाने हात घातला तो जुन्याच पेटाऱ्यात. गोव्यात सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून बाधित व्यक्तीच्या विलगीकरणाची तरतूद झाली. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी डॉमनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांकरवी बोलावून घेण्यात आले. तो नियमित रक्तदाता होता आणि रक्ताच्या तपासणीतच त्याची बाधा उघड झाली होती. आपल्याला काय झाले आहे, हे त्याला कुणी नीट सांगण्यापूर्वीच क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरात असलेल्या एका इमारतीत त्याची रवानगी झाली. तिथे तो ६४ दिवस एकटा होता.

त्याच्या आईने, लूसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे धाव घेतली. तो सुटला. कायद्यात सक्तीच्या जागी विवेकाधिकार आणणारी दुरुस्ती झाली, पण विलगीकरणाची तरतूद न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली नाही. डॉमनिकची नोकरी गेली. १९९२ साली त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो निवर्तला. संस्था पुढे चालू राहिली. आपल्या देशात बाधित माणसाने स्वतः नाव घेऊन, तोंड न लपवता बोलण्याची सुरुवात ज्या मोजक्या लोकांपासून झाली, त्यांत त्याची गणना होते.

१९८९ मध्येच राज्यसभेत एड्स प्रतिबंध विधेयक मांडले गेले होते. सक्तीची तपासणी, माहिती कळवण्याची सक्ती, विलगीकरण : तोच पेटारा. विरोधानंतर ते मागे घेतले गेले. इथे प्रशासनाच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे. एखादा कायदा न होणे ही देखील प्रशासनाच्या इतिहासातली महत्त्वाची घटना असू शकते.

नाव लपवण्याचा अधिकार

पुढचे पाऊल पुन्हा मुंबई उच्च न्यायालयाचे. १९९७ साली एका सार्वजनिक उपक्रमातल्या हंगामी कामगाराला केवळ एचआयव्ही आहे म्हणून काम नाकारले गेले. तो न्यायालयात गेला. निकालात दोन गोष्टी होत्या. माणूस कामास सक्षम असेल आणि सहकाऱ्यांना त्याच्यापासून धोका नसेल, तर बाधेच्या कारणावरून त्याला नोकरी नाकारता येणार नाही, ही पहिली. दुसरी गोष्ट निकालाच्या शीर्षकातच आहे. न्यायालयाने त्याला टोपणाक्षरांनी दाद मागू दिली. आजही ते प्रकरण 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' म्हणूनच ओळखले जाते. हक्क मागायचा तर नाव जाहीर करावे लागेल आणि नाव जाहीर केले तर हक्क मिळूनही जगणे अशक्य होईल, ही कोंडी न्यायालयाने ओळखली.

माझ्या कार्यालयातली ती फाईल या निकालानंतर वर्षभराने फिरली. निकाल मी वाचला नव्हता. वाचला असता तरी त्याचा एका वैद्यकीय बिलाशी संबंध जोडण्याची बुद्धी मला झाली असती का, ते सांगवत नाही. न्यायालयाचा निकाल आणि कार्यालयातला लिफाफा यांच्यातले अंतर कापायला आपल्या व्यवस्थेला पिढी लागते. २०१७ साली एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. माहितीपूर्ण संमतीशिवाय कुणाचीही बाधा उघड करता येणार नाही, हे आता कायद्याने सांगितले आहे. माझी १९९८ ची सही आज कायदेशीर अडचणीत सापडली असती, आणि ते योग्यच झाले असते.

समुपदेशनाचा खर्च कोण मोजतो?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, १९९२ साली स्थापन झाली. त्याच वर्षी पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. पुढे ठिकठिकाणच्या सरकारी रुग्णालयांत स्वेच्छा तपासणी आणि समुपदेशनाची केंद्रे निघाली. तपासणीपूर्वी बोलणे, तपासणीनंतर बोलणे, निकाल स्वतः त्या व्यक्तीच्याच हाती देणे, ही शिस्त आपल्या सरकारी दवाखान्याला नवीन होती. 'समुपदेशक' हे पदच आपल्या आरोग्यसेवेत या कार्यक्रमाने रुजवले असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही. त्यांच्या प्रशिक्षणाच्या कामात मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा मोठा वाटा होता.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. कुठलीही सेवा मोफत आहे असे कुणी म्हणाले, की मी तिचा खर्च मोजू लागतो. समुपदेशन मोफत होते. एसटीचे भाडे मोफत नव्हते. बुडालेला दिवसाचा रोजगार मोफत नव्हता. आणि तिसरा खर्च तर कुठल्याच अंदाजपत्रकात येत नव्हता : दिसण्याचा खर्च. जिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्या विशिष्ट दाराबाहेरच्या बाकावर ओळखीच्या माणसाने पाहिले, तर? पाटीवरचे नाव सौम्य केले, तरी बाकावर बसणाऱ्यांना पाहून लोक नाव ओळखत. म्हणून कित्येक जण आपला जिल्हा सोडून शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्रावर जात. दुप्पट भाडे भरत. अधिकारी याला 'रुग्णांची अनियमितता' म्हणत. मला तो शुद्ध आर्थिक व्यवहार दिसतो. ती माणसे पैसे मोजून अंतर विकत घेत होती.

म्हणजे दूर-समुपदेशनाची कल्पना प्रशासनाला सुचण्याच्या कितीतरी आधी लोकांनी ती आपल्या पायांनी अमलात आणली होती. डॉमनिकवर लादलेले अंतर ही शिक्षा होती. या माणसांनी स्वतः निवडलेले अंतर हा आडोसा होता. फरक फुटांचा वा मैलांचा नाही; ते कोण ठरवतो याचा आहे.

जगलेली पिढी

१ एप्रिल २००४ रोजी सरकारने मोफत एआरटी औषधे द्यायला सुरुवात केली. पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. होते. ३० नोव्हेंबर २००६ पासून लहान मुलांसाठीच्या औषधांचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. या दोन तारखांचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. जन्मतःच बाधा झालेली जी मुले पूर्वी शाळेत जाण्याआधीच जात, ती जगली. ती आज वीस-पंचवीस वर्षांची आहेत. वैद्यकशास्त्राने त्यांना आयुष्य दिले, पण त्या आयुष्याचे काय करायचे याची तयारी समाजाने केली नव्हती.

महाराष्ट्राला या पिढीचे बालपण ठाऊक आहे. पंढरपूरला मंगलताई शहा यांनी 'पालवी' उभी केली, लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी 'सेवालय' उभे केले. आपल्या मुलांच्या शेजारी ही मुले बसू नयेत म्हणून पालकांनी केलेला विरोध अशा संस्थांना सोसावा लागला. केरळात दोन भावंडांना शाळेची दारे बंद झाली, तेव्हा २००३ साली केंद्रीय आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी त्यांना जवळ घेतले. ते छायाचित्र देशभर गेले. एका मिठीने जे सांगितले, ते परिपत्रकांना साधले नव्हते, हे कबूल करायला हवे. काकूंच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इथे.

पण मुले मोठी होतात आणि त्यांच्या अडचणीही मोठ्या होतात. लहानपणी गोळ्या कशाच्या हे ठाऊक नसते. 'ताकदीच्या' म्हणून दिल्या जातात. पुढे कधीतरी कळते, अनेकदा चुकून कळते. ज्यांना ही बाधा आईवडिलांकडून आली, त्यांच्या मनात राग आणि माया एकाच वेळी असते. मग वसतिगृहात गोळीची बाटली कुठे ठेवायची? खोलीतल्या मित्राला काय सांगायचे? प्रेमात पडल्यावर कधी बोलायचे? नोकरीसाठी लातूरहून पुण्याला किंवा पुण्याहून मोहालीला गेल्यावर नव्या केंद्रात नोंद कशी करायची? परगावी राहण्याचे सुखदुःख आपल्याला ठाऊक आहे. आपण आडनावावरून माणूस ओळखतो आणि त्याच्या घराची चौकशी करतो. या मुलांना नेमकी तीच आपुलकी भयावह वाटते.

'कलंक' हा शब्द आपण लोकांच्या वागण्याला लावतो. पण या वयात त्याचा दुसरा, आतला थर अधिक जाचक असतो. लोक जे म्हणतील ते मूल आधीच स्वतःला म्हणून मोकळे झालेले असते. मग तपासणीच्या तारखा चुकतात, गोळ्या चुकतात. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला, की लैंगिक संबंधातून बाधा पुढे जात नाही, हे आता शास्त्राने निर्विवादपणे दाखवले आहे. हे एक वाक्य ज्याला वेळेवर नीट समजावून सांगितले गेले, त्याचे स्वतःकडे पाहणे बदलते. प्रश्न एवढाच, की ते सांगायचे कुणी आणि कुठे?

फोनचा इतिहास

दुरून दिलासा देण्याची कल्पना जुनी आहे. १९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हारा या पाद्र्याने आत्महत्येच्या विचारांनी ग्रासलेल्यांसाठी एक टेलिफोन ठेवला. त्यातून 'समॅरिटन्स' ही संस्था जन्मली. चेन्नईत १९८६ साली डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी 'स्नेहा' सुरू केली. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून मुलांसाठी १०९८ सुरू झाला. आणि त्याच्या शेजारचा क्रमांक, १०९७, एड्सविषयक माहितीसाठी राखला गेला. तो २०१४ साली नव्या स्वरूपात, अनेक भारतीय भाषांत आला.

या साखळीतला एक दुवा अर्थशास्त्राच्या दृष्टीने गमतीचा आहे. पिवळ्या पाटीच्या एसटीडी-पीसीओ बूथने ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्या देशाला प्रथमच काचेआडचा एकांत दिला. पण मोफत क्रमांक लावू देण्यात बूथवाल्याची कमाई काय? त्याची खळखळ स्वाभाविक होती. सेवा मोफत ठेवताना मधल्या माणसाचा विचार केला नाही, तर ती दारातच अडते. मोबाईल आला आणि हा मधला माणूस गेला.

मग २०२० साल आले. मार्चमध्ये महाराष्ट्रात घरी विलग राहायला सांगितलेल्या लोकांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. १८९७ चाच साथरोग कायदा पुन्हा वापरात आला. शिक्का बसलेल्या माणसाला सोसायटीच्या लिफ्टमध्ये मिळालेली नजर ज्यांनी अनुभवली, त्यांना कलंक म्हणजे काय हे चौदा दिवसांपुरते कळले. बाधित लोकांना ते आयुष्यभर कळत होते.

त्याच मार्चच्या २५ तारखेला दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. एआरटीच्या गोळ्या एकदम अनेक महिन्यांच्या देण्याची मुभा मिळाली, आणि केंद्रांतले समुपदेशक आपल्या फोनवरून रुग्णांशी बोलू लागले. मोहालीच्या सी-डॅकने विकसित केलेली ई-संजीवनी २०१९ च्या अखेरीस सुरू झाली होती. तिची घरबसल्या सल्ला देणारी शाखा एप्रिल २०२० मध्ये आली, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत एकूण सल्ल्यांचा आकडा १० कोटींवर गेला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या क्रमांकाची 'टेली-मानस' सेवा आली. रस्ते तयार झाले. त्यांवरून कोण काय घेऊन जाणार, हा प्रश्न राहिला.

यंत्र आणि चौकशी

त्या अभियंत्याच्या प्रश्नाला मी तीन देशांतल्या अनुभवांचे उत्तर दिले. केनियात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परिचारिका रुग्णांना आठवड्यातून एक लघुसंदेश पाठवत : कसे आहात? उत्तर आले नाही किंवा अडचण असल्याचे कळले, तर त्या स्वतः फोन करत. अशा रुग्णांच्या गोळ्या अधिक नियमित राहिल्या आणि विषाणू अधिक प्रमाणात आटोक्यात आला. दक्षिण भारतात ६३१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे आठवण करून देणारे स्वयंचलित ध्वनिमुद्रित फोन आणि चित्रसंदेश वापरले गेले. विषाणूच्या नियंत्रणावर त्यांचा काहीही परिणाम दिसला नाही.

दोन्हीकडे मोबाईलच होता. एकीकडे पलीकडच्या टोकाला उत्तराची वाट पाहणारे माणूस होते, दुसरीकडे यंत्र होते. दोन देश, दोन व्यवस्था. तेवढ्यावरून अंतिम निष्कर्ष काढू नये, हे मान्य. पण दिशा दिसते.

तिसरा अनुभव झिंबाब्वेचा. तिथे २००४ पासून 'झ्वांदिरी' हा कार्यक्रम चालतो. त्यात स्वतः एचआयव्हीसह जगणारे अठरा ते चोवीस वर्षांचे तरुण प्रशिक्षण घेऊन आपल्याहून लहान मुलांशी बोलतात, घरी जातात आणि मध्यल्या दिवसांत फोन व संदेशांनी संपर्क ठेवतात. त्यांच्या आधाराने औषधोपचाराचे निष्कर्ष सुधारल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. 'मलाही आहे, आणि मी कॉलेजला जातो' हे वाक्य आपल्याच वयाच्या मुलाकडून ऐकू येणे, हे कोणत्याही पोक्त सल्ल्याहून अधिक गुणकारी ठरते.

अभियंता म्हणाला, "म्हणजे प्रणालीत आधी माणूस नेमायचा आणि मग पडदा लावायचा." मी म्हटले, अगदी तसेच.

सावधगिरीच्या चार गोष्टी

प्रशासनाच्या दृष्टीने काही गोष्टी इथे नोंदवून ठेवतो.

पहिली : फोन म्हणजे एकांत असे गृहीत धरू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. भावाच्या फोनवर येणारा समुपदेशकाचा फोन ही मदत नसून धोका आहे. म्हणून आपण फोन न करता वेळ तिला ठरवू द्यावी, आणि सुरुवातीलाच 'आत्ता बोलता येईल का?' एवढे विचारावे.

दुसरी : नोंदी. एका कागदी फाईलने सात टेबले ओलांडली, तर संगणकातली नोंद एका क्षणात सातशे पडदे ओलांडते. २०१७ च्या कायद्याने माहितीच्या संरक्षणाची जबाबदारी आस्थापनांवर टाकली आहे. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत, आणि आरोग्यसेवेत वीस असली तरी, तक्रार अधिकारी नेमणे आवश्यक आहे. आपापल्या कार्यालयात तो कोण आहे, हे वाचकांनी एकदा विचारून पाहावे.

तिसरी : समुपदेशकाची नोकरी. ज्या माणसाने दिवसभर इतरांची दुःखे ऐकायची, त्याला वर्षावर्षाच्या कंत्राटावर ठेवून त्याच्याकडून स्थैर्याची भाषा अपेक्षिणे विसंगत आहे. फोनवर विश्वास आवाजाशी जडतो, आणि दर वर्षी आवाज बदलला तर तो पुन्हा शून्यापासून उभारावा लागतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची : दूर-समुपदेशनाने आतली लाज कमी होते, बाहेरचा भेदभाव नाही. तो करणारा घरमालक, मुख्याध्यापक किंवा कार्यालयप्रमुख फोनच्या दुसऱ्या टोकाला नसतो. त्याच्यासाठी कायदा आहे, राज्याराज्यांत लोकपाल नेमण्याची तरतूद आहे. बाधित मुलाला खंबीर करायचे आणि समाजाला आहे तसा सोडायचा, हा प्रशासनाला सोयीचा पण अन्यायकारक श्रमविभाग होईल. 'आता सगळे फोनवर मिळते' म्हणून एआरटी केंद्रातला बाक काढून टाकण्याचा मोहही टाळायला हवा. दूरचा आवाज हा जवळ येण्याचा पहिला टप्पा आहे; तिथेच थांबलो तर १९८९ ची ती इमारत आपण फक्त अदृश्य केली असे होईल.

भारतात २०२१ च्या अंदाजानुसार सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते; त्यांतले जवळपास ३.९ लाख महाराष्ट्रात, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. आपल्यापैकी प्रत्येकाच्या कार्यालयात, मंडळात, गणपतीच्या आरतीत त्यांतले कुणीतरी असण्याची शक्यता आहे. ते कोण, हे शोधण्याचे कारण नाही. आपण कसे बोलतो हे ते ऐकत असतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

निघताना काकू दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "तुमच्या त्या मुलाच्या पाकिटावर शिक्का नव्हता ना मारला?"

नव्हता. साधे पाकीट मी स्वतः बाजारातून आणले, पत्ता माझ्या हाताने लिहिला आणि प्रेषकाच्या जागी माझ्या घरचा पत्ता घातला. नोकरीतल्या इतक्या वर्षांत नियमपुस्तकात न बसणारे जे थोडे मी केले, त्यांतले हे एक. तेच तीन महिने आधी, ती फाईल पुढे पाठवताना केले असते, तर त्याला बूथवर उभे राहून मीटरकडे पाहत बोलावे लागले नसते.